फंक्शनचा इन्व्हर्स: उत्तर नेमकं कुठे चुकतं आणि ते कसं टाळायचं

नागपुरातल्या मानेवाड्याच्या माझ्या शिकवणीत दर वर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, सगळं बरोबर करून राहिलो ना मी, मग उत्तर काहून चुकते?" वही घेऊन बघितली की मधलं बीजगणित बहुतेक ठीकच असतं. चूक सापडते ती बीजगणिताच्या आधीच्या दोन ओळींत, कारण त्या लिहिलेल्याच नसतात. नाहीतर मग शेवटच्या ओळीत, कारण ती पडताळलेली नसते.

हा लेख अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांना घरी शिकवणाऱ्या आई-बाबांसाठी आहे. फंक्शन साधीच घेतली आहेत: रेषीय, वर्ग, घन, वर्गमूळ आणि अंश-छेदवाली. मराठी पुस्तकांत इन्व्हर्सला व्यस्त फलन म्हणतात, पण वर्गात कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पाठ्यपुस्तकात अक्षरं रोमन असतात. इथे मी क्ष, य आणि फंक्शनसाठी फ लिहितोय. वहीत मात्र पुस्तकातलीच अक्षरं ठेवा.

## १. आधी खूण नीट वाचा

फ⁻¹(क्ष) म्हणजे १/फ(क्ष) नव्हे. वरचा उणे एक हा इथे घातांक नाही, ती "उलटं काम" याची खूण आहे. फ ने ५ चे १६ केले असतील, तर फ⁻¹ ने १६ चे ५ करून दाखवायचे. बस, एवढंच त्याचं काम.

फ(क्ष) = २क्ष + ६ घ्या. फ(५) = १६. आता १/१६ ला ५ शी काय घेणंदेणं? गोंधळ झाला की असा एक आकडा टाकून बघायचा.

## २. इन्व्हर्स आहे का, ते ठरवा

ही पायरी नव्वद टक्के मुलं गाळतात, असं माझ्या वह्या तपासण्याच्या अनुभवावरून सांगतो. प्रश्नात "इन्व्हर्स काढा" असं छापलंय म्हणजे तो असणारच, असं धरून चालतात.

इन्व्हर्स असायचा तर एका उत्तराकडे एकाच क्ष वरून येता आलं पाहिजे. याला वन-वन म्हणतात. ऑटोच्या मीटरचं किमान भाडं आठवा. पहिल्या टप्प्यात अर्धा किलोमीटर जा की एक, पैसे तेवढेच. अंतरावरून भाडं सांगता येतं, पण किमान भाडं दिलेल्या माणसाला "किती लांब गेला होतास?" हे त्या पैशांवरून सांगता येणार नाही. उलटी वाट बंद.

तपासायच्या दोन रीती आहेत. आलेख समोर असेल तर पट्टी आडवी धरून वरून खाली सरकवा. कुठेही ती आलेखाला दोनदा लागली, तर फंक्शन वन-वन नाही. आलेख नसेल तर फ(अ) = फ(ब) लिहा आणि त्यातून अ = ब एवढंच निघतं का ते बघा. २अ + ६ = २ब + ६ मधून अ = ब निघतं, आणखी काही नाही. अ² = ब² मधून मात्र अ = ब किंवा अ = −ब निघतं, म्हणजे क्ष² तसंच्या तसं चालणार नाही.

मग क्ष² चा इन्व्हर्स कधीच नाही का? आहे, पण डोमेन (आत टाकता येणारे क्ष) कापून. मे महिन्यातला नागपूरचा दिवस घ्या. समजा सकाळी दहाला पारा ३८ होता, दुपारी चढला आणि रात्री आठला उतरून परत ३८ वर आला. "३८ होते तेव्हा किती वाजले होते?" याला दोन उत्तरं. पण "दुपारच्या आधीचंच बोलतोय" असं म्हटलं की एकच उरतं. क्ष ≥ ० अशी अट म्हणजे नेमकं हेच: अर्धा दिवस कापून टाकणं.

थांबा आणि बघा: प्रश्नात फंक्शनच्या शेजारी "क्ष ≥ ३" किंवा "क्ष ≤ −२" असं बारीक अक्षरात काही दिलंय का? असेल तर त्याला गोल करा. पुढे चिन्ह ठरवताना तेच लागणार आहे.

## ३. डोमेन आणि रेंज लिहून ठेवा

बीजगणिताला हात लावायच्या आधी दोन ओळी:

डोमेन: कोणते क्ष आत टाकता येतात.
रेंज: कोणती उत्तरं बाहेर येऊ शकतात.

इन्व्हर्समध्ये या दोघांची अदलाबदल होते. मूळची रेंज हे इन्व्हर्सचं डोमेन, आणि मूळचं डोमेन ही इन्व्हर्सची रेंज. हे कशाला लागतं ते एका उदाहरणात कळेल.

फ(क्ष) = √(क्ष − ३). डोमेन क्ष ≥ ३. वर्गमूळ कधी ऋण येत नाही, म्हणून रेंज य ≥ ०. सोडवल्यावर उत्तर येतं क्ष² + ३. दिसायला हे कुठल्याही क्ष ला चालतं. म्हणून मुलं तेवढंच लिहून पुढे जातात. आता −२ टाकून बघा: (−२)² + ३ = ७. आणि फ(७) = √४ = २. निघालो −२ वरून, पोचलो २ वर. घरी परत आलोच नाही. पूर्ण उत्तर असं: फ⁻¹(क्ष) = क्ष² + ३, क्ष ≥ ०. ती शेवटची अट हा उत्तराचाच भाग आहे. ती नसेल तर लिहिलेलं फंक्शन भलतंच होतं.

बारावीच्या प्रश्नात कधी सहप्रांतही दिलेला असतो, म्हणजे उत्तरं कोणत्या संचात जातात ते. तो रेंजपेक्षा मोठा असेल, तर फंक्शन वन-वन असूनही ऑन्टो (त्या संचातलं प्रत्येक उत्तर गाठणारं) नसतं आणि त्या संचावर इन्व्हर्स नसतो. अशा वेळी "इन्व्हर्स नाही" हेच उत्तर म्हणून लिहायचं.

## ४. फंक्शन काय करतं ते ओळीने मांडा

खापरीहून लोकमान्य नगरला मेट्रोने जायचं आहे. आधी ऑरेंज लाइन, सीताबर्डीला गाडी बदला, मग ॲक्वा लाइन. परत येताना? आधी ॲक्वा, मग ऑरेंज. जे शेवटी केलं ते आधी उलटायचं. इथे कोणी चुकत नाही. वहीत मात्र चुकतात.

कळमन्याच्या बाजारातला हिशोब घ्या. समजा संत्र्याच्या पेट्या न्यायला टेम्पोवाला ४०० रुपये ठोक घेतो आणि वर दर पेटीमागे २५. पेट्या क्ष असतील तर पैसे २५क्ष + ४००. बिल ११५० रुपये झालं, तर पेट्या किती?

गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं: ११५० ÷ २५ = ४६, ४६ − ४०० = −३५४. खाली दोन रेघा मारून "उत्तर: −३५४ पेट्या." मी तिला म्हटलं, "टेम्पोवाल्यानेच तुला साडेतीनशे पेट्या दिल्या का?" तीही हसली. भागाकार येत होता, वजाबाकी येत होती. क्रम तेवढा चुकला होता.

फंक्शनने आधी २५ ने गुणलं, मग ४०० मिळवले. उलटताना आधी ४०० वजा, मग २५ ने भाग: ११५० − ४०० = ७५०, ७५० ÷ २५ = ३०. तीस पेट्या.

म्हणून कच्च्या कामात हे दोन रकाने करा:

जाताना: × २५, मग + ४००
येताना: − ४००, मग ÷ २५

दुसरा रकाना म्हणजे पहिलाच शेवटाकडून उलटा वाचलेला, प्रत्येक क्रिया उलटी करून. ज्या फंक्शनमध्ये क्ष एकदाच येतो, तिथे या दोन ओळींवरून उत्तर थेट लिहिता येतं.

सावध: "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे सातवी-आठवीत पाठ केलेलं वाक्य इथे दगा देतं. मिळवलेलं पलीकडे गेलं की वजा होतं, गुणलेलं पलीकडे गेलं की भागलं जातं. २क्ष मधला २ पलीकडे −२ होऊन जात नाही. ही चूक मी बारावीच्या वहीतसुद्धा पाहिली आहे.

## ५. य = फ(क्ष) लिहा आणि क्ष एकटा करा

आता खरं बीजगणित. चार प्रकार वेगवेगळे बघू, कारण चुकाही वेगवेगळ्या होतात.

### रेषीय

य = २क्ष + ६. य − ६ = २क्ष. क्ष = (य − ६)/२.

कंस विसरू नका. "य − ६/२" लिहिलं की त्याचा अर्थ य − ३ होतो. भागाकाराची रेघ य पासून ६ पर्यंत पूर्ण ओढा. घाईत ती फक्त ६ खाली ओढली जाते आणि पुढच्या ओळीत आपलीच रेघ आपल्याला फसवते.

### घन

य = ४क्ष³ − ५. जाताना: घन, × ४, − ५. येताना: + ५, ÷ ४, घनमूळ. क्ष = ∛((य + ५)/४). घनमूळात ऋण संख्याही चालते आणि ± येत नाही, त्यामुळे इथे अटींची कटकट नाही. पुढे चला.

### वर्ग

इथे वेळ द्या. फ(क्ष) = क्ष² − ६क्ष + ११, क्ष ≥ ३.

क्ष दोनदा आलाय, त्यामुळे रकान्यांची युक्ती थेट चालत नाही. आधी पूर्ण वर्ग करा, म्हणजे क्ष एकदाच उरेल. ६ चा अर्धा ३, त्याचा वर्ग ९. ११ = ९ + २. म्हणून फ(क्ष) = (क्ष − ३)² + २. यावरून रेंजही फुकटात कळली: वर्ग शून्याच्या खाली जात नाही, म्हणून य ≥ २.

आता य − २ = (क्ष − ३)². वर्गमूळ घेतलं की क्ष − ३ = ±√(य − २).

या ± पाशी गाडी अडते. काही जण दोन्ही चिन्हं उत्तरात तशीच ठेवतात. पण इन्व्हर्स हे फंक्शनच असतं, त्याला एका क्ष ला दोन उत्तरं देण्याची मुभा नाही. काही जण सवयीने + घेतात. ते कधी बरोबर येतं, कधी नाही. ठरवायचं ते गोल करून ठेवलेल्या अटीवरून. इथे क्ष ≥ ३, म्हणजे क्ष − ३ धन किंवा शून्य, म्हणून +. उत्तर क्ष = ३ + √(य − २).

अट क्ष ≤ ३ असती, तर क्ष = ३ − √(य − २) आलं असतं. हे खरं वाटत नसेल तर आकडे टाका. फ(५) = २५ − ३० + ११ = ६. फ(१) = १ − ६ + ११ = ६. एकाच ६ कडे दोन वाटा येतात. य = ६ ला √४ = २, म्हणजे + ने ५ मिळतात आणि − ने १. कुठून निघालो होतो ते अटच सांगते.

### अंश-छेद

फ(क्ष) = (२क्ष + ३)/(क्ष − ४), क्ष ≠ ४.

य(क्ष − ४) = २क्ष + ३
यक्ष − ४य = २क्ष + ३

इथे येऊन पुष्कळ मुलं क्ष = (यक्ष − ४य − ३)/२ लिहितात आणि पेन ठेवतात. क्ष डावीकडे एकटा दिसतोय खरा, पण उजवीकडेही बसलाय. हे उत्तर नाही. क्ष असलेली सगळी पदं एका बाजूला गोळा करा, क्ष नसलेली दुसऱ्या बाजूला, मग क्ष सामाईक काढा:

यक्ष − २क्ष = ४य + ३
क्ष(य − २) = ४य + ३
क्ष = (४य + ३)/(य − २)

छेदात य − २ आलं, म्हणजे य ≠ २. रेंज आधी सुचली नसेल, तर ती इथे आपोआप सापडते. मूळ फंक्शन २ + ११/(क्ष − ४) असंही लिहिता येतं. दुसरं पद कधी शून्य होत नाही, म्हणून उत्तर कधी २ येत नाही. दोन्हीकडून तेच निघालं की जीव भांड्यात पडतो.

सावध: सुरुवात करण्याआधी तिरका गुणाकार करून घ्या. (२क्ष + ६)/(क्ष + ३) मध्ये २ × ३ आणि ६ × १ दोन्ही ६. असं सारखं आलं की अंश हा छेदाची पटच असतो आणि फंक्शन सगळीकडे एकच आकडा देतं, इथे २. त्याचा इन्व्हर्स नाही. आपल्या उदाहरणात २ × (−४) = −८ आणि ३ × १ = ३. वेगळे आहेत, मग चालेल.

आणि एक गंमत. (३क्ष + २)/(क्ष − ३) चा इन्व्हर्स काढा. परत तेच फंक्शन येईल. "सर, फिरून तिथेच आलो, कुठं तरी चुकलं" म्हणून मुलं पान फाडतात. चुकलेलं नसतं. काही फंक्शन स्वतःचीच इन्व्हर्स असतात. ७ − क्ष हेही त्यातलंच.

## ६. अक्षरं बदला, पण शेवटी

क्ष = (य − ६)/२ पर्यंत आलात. आता य च्या जागी क्ष लिहून फ⁻¹(क्ष) = (क्ष − ६)/२ असं मांडा.

काही ठिकाणी क्ष आणि य ची अदलाबदल पहिल्याच ओळीत करायला शिकवतात. त्यानेही उत्तर बरोबरच येतं. पण मी ती सवय लावत नाही. अंश-छेदवाल्या गणितात मुलं एका ठिकाणी बदलतात, दुसऱ्या ठिकाणी विसरतात, किंवा पहिल्या ओळीत बदललेलं शेवटी पुन्हा एकदा बदलतात. शेवटी एकदाच बदलायचं ठेवलं की विसरायला जागा उरत नाही.

अक्षरांना अर्थ असेल, तर मुळीच बदलू नका. सेल्सिअसला ९/५ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट येतं. ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ८१ + ३२ = ११३ फॅरनहाइट. उलट सूत्र: सेल्सिअस = ५/९ × (फॅरनहाइट − ३२). इथे अक्षरांची अदलाबदल केली, तर ११३ सेल्सिअस असं काहीतरी कागदावर येईल. नागपूरचा उन्हाळा कडक आहे, पण इतका नाही. टेम्पोच्या हिशोबातही तसंच: पेट्या त्या पेट्या, रुपये ते रुपये. तिथे डोमेनही पूर्ण संख्यांचं आहे. बिल ११६० सांगितलं तर ३०.४ पेट्या येतील, म्हणजे ११६० हे रेंजमध्येच नाही आणि बिलात गडबड आहे.

## ७. पडताळा

एक आकडा निवडा, फ मध्ये टाका, आलेलं उत्तर फ⁻¹ मध्ये टाका. मूळ आकडा परत आला पाहिजे. अंश-छेदवाल्या उदाहरणात ५ घेऊ: फ(५) = १३/१ = १३. फ⁻¹(१३) = (५२ + ३)/(१३ − २) = ५५/११ = ५. जमलं.

आकडा निवडताना ० आणि १ टाळा. फ(क्ष) = ३क्ष − २ घ्या. कोणी चुकून १/(३क्ष − २) हा इन्व्हर्स लिहिला आणि १ टाकून पाहिलं, तर फ(१) = १ आणि त्या चुकीच्या फंक्शनमध्येही १ टाकला की १ च येतो. चूक झाकली गेली. २ टाका: फ(२) = ४, आणि चुकीच्या उत्तरात ४ टाकले की १/१०. लगेच पकडलं गेलं. खरं उत्तर (क्ष + २)/३, त्यात ४ टाकले की २.

वर्ग किंवा वर्गमूळ असेल, तर उलट दिशेनेही बघा: आधी फ⁻¹, मग फ. वर −२ वरून निघून २ वर पोचलो होतो, ते याच दिशेने गेल्यामुळे कळलं. परीक्षेत आकड्याचा पडताळा अर्ध्या मिनिटात होतो. "पडताळा करून दाखवा" असं विचारलं असेल, तर मात्र आकडा पुरत नाही, क्ष ठेवूनच फ(फ⁻¹(क्ष)) = क्ष सिद्ध करावं लागतं.

## हात साफ करायला

अ) ५ − क्ष/३
ब) क्ष² + ४क्ष, क्ष ≤ −२
क) √(२क्ष − ५)
ड) क्ष/(२क्ष + १)

उत्तरं:
अ) १५ − ३क्ष.
ब) −२ − √(क्ष + ४), क्ष ≥ −४. इथे + लिहिलं असेल तर पाचव्या पायरीतला वर्गाचा भाग परत वाचा.
क) (क्ष² + ५)/२, क्ष ≥ ०. अट लिहिली नसेल तर अर्धेच गुण द्या स्वतःला.
ड) क्ष/(१ − २क्ष), क्ष ≠ १/२. तुमचं उत्तर −क्ष/(२क्ष − १) आलं असेल तर खोडू नका. अंश आणि छेद दोन्हींना −१ ने गुणून बघा, तेच आहे.